अलार्म लाइनवरच्या छोट्या व्हॉल्वला सुपरव्हायजरी स्विच हवा की साखळी-कुलूप पुरे?

आपण विचारले आहे की, स्प्रिंकलरच्या अलार्म लाइनवर (इशाऱ्याच्या उपकरणांकडे पाणी नेणाऱ्या बारीक पाइपवर) प्रेशर स्विचच्या, म्हणजे दाब येताच पॅनेलला आगीचा सिग्नल देणाऱ्या स्विचच्या, आधी जो छोटा व्हॉल्व असतो, त्यावर सुपरव्हायजरी स्विच (व्हॉल्व फिरवल्याची खबर पॅनेलला देणारा स्विच) बसवावा की साखळी-कुलूप पुरेल. स्विचच बसवावा. मुख्य व्हॉल्व बंद झाला तर पाणी थांबते हे सर्वांना कळते, म्हणून तिथे कोणी वाद घालत नाही. हा छोटा व्हॉल्व बंद असला तर स्प्रिंकलर फुटतो, पाणीही येते, पण क्लॅपर (अलार्म व्हॉल्वमधली झडप) उचलल्यावर तिच्या सीटच्या, म्हणजे ती टेकते त्या कड्याच्या, खाचेतून निघालेले पाणी प्रेशर स्विचपर्यंत पोहोचत नाही आणि पॅनेल गप्प राहते.

बडोद्याला मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामाची देखभाल माझ्याकडे होती, तेव्हा मी या स्विचची लेखी मागणी केली होती. आमच्या वरिष्ठ अभियंत्यांनी ती परत पाठवली. "या व्हॉल्वने पाणी अडत नाही, मग खर्च कशासाठी?" असे म्हणून त्यांनी तिथे साखळी बांधायला लावली. त्या सुमारास रिटार्ड चेंबरखालचे (दाबाच्या क्षणिक चढउताराने खोटा इशारा होऊ नये म्हणून अलार्म लाइनवर असलेल्या छोट्या टाकीखालचे) निचऱ्याचे बारीक छिद्र गंजाने बुजले होते. दाब जरा वरखाली झाला की चेंबरमध्ये शिरलेले पाणी वाहून न जाता साचत जाई आणि रात्री-अपरात्री गाँग (इशाऱ्याची घंटा) वाजू लागे. मी छिद्र साफ करण्यासाठी यंत्रणा थोडा वेळ बंद ठेवण्याची परवानगी मागितली, तीही मिळाली नाही. शेवटी रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने किल्ली मागून घेतली आणि तो छोटा व्हॉल्व फिरवून बंद केला. पुढे एका रात्री छताजवळच्या पाइपाचे कपलिंग सुटले, आणि सकाळची पाळी येईपर्यंत कापडाच्या गाठींवर पाणी पडत राहिले. पंप आपोआप सुरू झाला होता, पण पंपघर आवाराच्या दुसऱ्या टोकाला असल्याने तो कोणाला ऐकू आला नाही. चौकशीच्या अहवालात दोष एकट्या पहारेकऱ्यावर ठेवण्यात आला, माझ्या मागणीपत्राचा त्यात उल्लेखही नव्हता, आणि तो निष्कर्ष मला आजही मान्य नाही. कुलूप किल्लीने उघडते आणि उघडल्याची खबर कोणालाही देत नाही. स्विच असता तर व्हॉल्व फिरताच पॅनेलवर सिग्नल आला असता.

एनएफपीए ७२ या आगीच्या अलार्म यंत्रणांच्या अमेरिकन मानकातही, अलार्मचे उपकरण आणि स्प्रिंकलरची पाइपलाइन यांच्यामध्ये व्हॉल्व असेल तर तो सुपरव्हाइज केलेला (त्याच्या स्थितीवर नजर ठेवलेली) असावा, अशीच अपेक्षा आहे. "पाणी तर अडत नाही" हा युक्तिवाद तिथे टिकत नाही.

जोडणी करताना हा स्विच प्रेशर स्विचच्या वायरीत सिरीजमध्ये घालू देऊ नका. तसे केल्यास व्हॉल्व बंद होताच ते सर्किट तुटते, पॅनेलवर नुसता फॉल्ट दिसतो आणि पहारेकरी तो वायरिंगचा बिघाड समजून दाबून टाकतो. स्वतंत्र मॉनिटर मॉड्यूल (स्विचची स्थिती पॅनेलला कळवणारा जोडणीचा घटक) घ्या, म्हणजे सुपरव्हायजरी सिग्नल आग आणि फॉल्ट या दोहोंपासून वेगळा दिसेल. मुख्य पाइपवर पात्याचा फ्लो स्विच असेल तर त्याच्या मार्गात असा छोटा व्हॉल्व येतच नाही, आणि व्हॉल्व फक्त गाँगच्या फाट्यावर असेल तर पॅनेलचा सिग्नल त्याने अडत नाही. त्यामुळे आधी आपल्याकडील ट्रिमचे (अलार्म व्हॉल्वभोवतीच्या बारीक पाइप-जोडणीचे) रेखाचित्र पाहावे. विमा कंपनीची अट निराळी असू शकते, तिच्याकडून उत्तर लेखी घ्यावे. आणि आपले वरिष्ठ नकार देत असतील, तर तो नकारही सहीनिशी घेऊन त्याची प्रत स्वतःपाशी ठेवावी.