रविवारचा मेगाब्लॉक

न्यू जर्सीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. माहेर भायखळ्याचं, लग्न होऊन तिकडे अकरा वर्षं झाली. लिहितात:

"ताई, सलाम. नवरा इथे, त्याची टीम मुंबईत, म्हणून रात्री अकराला त्याचे कॉल सुरू होतात. शनिवारी सकाळी सातला मुंबईच्या महिला मंडळाची झूमवर प्रार्थनासभा, मग मुलाचं सॉकर, मुलीची मराठी शाळा. रविवारी चर्चमध्ये उपासना आणि नंतर मंडळीचं जेवण वाढणं. आई भायखळ्यात एकटी आहे. तिला फोन करते तो गाडी चालवता चालवता. मुलांना घेऊन पंधरा मिनिटं प्रार्थनेला बसणं तर बंदच पडलंय. मी आळशी नाही, ताई. तरी प्रभूने दिलेला वेळ हातून वाया जातोय असं सारखं का वाटतं?"

अशा पत्राला उत्तर म्हणून एक छानसं वेळापत्रक पाठवून द्यावं असा मोह होतो. पस्तीस वर्षं शाळेत मी तेच केलं, चौकोन आखून रंगीत पेन्सिलींनी भरले. पण तुमच्याकडे ते आहेच, फ्रिजवर चिकटवलेलं असणार. त्यात अजून एक चौकोन घालून काय होणार?

बायबलातल्या इफिसकरांस पत्राच्या ५व्या अध्यायातलं "वेळेचा सदुपयोग करा" हे वाक्य तुम्हांला संडे स्कूलपासून पाठ असेल. आमचे बाबा ते आम्हांला उठवताना म्हणायचे, त्यामुळे कित्येक वर्षं माझ्या लेखी त्याचा अर्थ 'उठा, दात घासा' एवढाच होता. मूळ ग्रीकमध्ये तिथे बाजारातलं क्रियापद आहे: मोल देऊन सोडवून घेणं. आणि वेळेसाठी पत्र लिहिणाऱ्या पौलाने वापरलेला शब्द आहे कैरोस. घड्याळात सरकत राहणाऱ्या वेळेला ग्रीकमध्ये ख्रोनोस म्हणतात. कैरोस म्हणजे नेमकी घडी, जमिनीला वाफसा यावा तशी. वाफसा आला की शेतकरी त्या दिवशी पाहुण्यांनाही थांबवून ठेवतो. ती घडी हवी तर काहीतरी द्यावं लागतं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तुम्ही काय काय हाती घेतलंय ते सगळं आहे, काय सोडलंय ते कुठेच नाही. चुकले, एक सुटलंय. ती पंधरा मिनिटं. पण ती तुम्ही सोडली नाहीत, आपोआप गळली.

येशू घरी आला तेव्हा बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि जी कामात गुंतली, त्या मार्थेचं नाव मी मुद्दाम काढत नाही. मार्था आणि मरियेवरचं प्रवचन संपलं की चहा मार्थांनाच करावा लागतो.

त्यापेक्षा मार्कच्या शुभवर्तमानातले दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिल्या अध्यायात कफर्णहूमला सगळं गाव संध्याकाळी दाराशी लोटलं आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिमोन आणि सोबतचे त्याला शोधत येतात: सगळे तुमचा शोध करताहेत. कुठल्याही पाळकाला हे वाक्य ऐकून सदरा झटकून निघावंसं वाटेल. येशू म्हणतो, चला, आजूबाजूच्या गावांत जाऊ. कफर्णहूमच्या दाराशी त्या सकाळी आजारी माणसं नव्हती असं थोडंच आहे? तरीही तो गेला. आता पाचवा अध्याय. सभास्थानाचा अधिकारी याईर, त्याची बारा वर्षांची मुलगी शेवटच्या घटका मोजतेय, आणि तिच्याकडे निघालेला येशू वाटेत थांबतो. बारा वर्षं रक्तस्रावाने पिडलेल्या एका बाईने गर्दीत त्याच्या वस्त्राला हात लावलाय, तेवढ्यासाठी. ती सगळं सांगेपर्यंत तो ऐकत उभा राहतो. याईराच्या जिवाची काय तगमग झाली असेल! बोलणं चालू असतानाच मुलगी गेल्याचा निरोप येतो. पुढचं तुम्हांला माहीतच आहे, येशू तिला जिवंत उठवतो.

ज्याने सगळ्या गावाला नाही म्हटलं, तोच एका बाईसाठी थांबला. मला वाटतं हे थांबणं त्या पहाटेतून येतं. आधी एक जागा राखून ठेवलेली होती, म्हणून वाटेत थांबायलाही त्याच्याकडे जागा होती. आपण उलट करतो. सगळ्यांना हो म्हणतो आणि थांबत कुणासाठीच नाही.

तुम्ही भायखळ्याच्या, म्हणजे मेगाब्लॉक काय ते तुम्हांला सांगायला नको. रविवारी साधारण अकरा ते चार, धीम्या मार्गावरच्या गाड्या जलदवर, हार्बर बंद. आपण बोटं मोडतो. पण रूळ, सिग्नल, ओव्हरहेड वायर यांचं काम चालत्या गाडीखाली होत नाही. रेल्वेचं एक मला आवडतं: ब्लॉक आधी जाहीर होतो. पेपरात येतो, मग लोक मुकाट आपापली सोय बघतात. शब्बाथाचं, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्याचंही तसंच होतं. निर्गम १६ मध्ये मान्ना, म्हणजे रानात इस्राएल लोकांना देवाकडून रोज मिळणारं अन्न, सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, कारण सातव्याला मिळणार नाही. विसावा म्हणजे ऐनवेळी अंग टाकणं नव्हे, त्याची तयारी आदल्या दिवशीची.

तेव्हा रविवारी उपासनेनंतर चार तासांचा ब्लॉक घ्या आणि तो जाहीर करा. नवऱ्याला सांगा, मुलांना सांगा, मंडळीत सांगा. जेवण वाढायला महिन्यातून एकच रविवार येईन, असं स्पष्ट कळवा. दोन जणी नाक मुरडतील. मुरडू द्या. स्वयंपाक शनिवारी रात्री, अगदी वरणभात आणि भाजी. मान्नाही रोज एकाच चवीचा होता.

महिला मंडळाची झूमसभा मात्र सोडा. हे लिहिताना मला जड जातंय, कारण मी स्वतः अशाच एका मंडळाची चिटणीस होते आणि दूरदेशी गेलेल्या बहिणींनी सोडू नये म्हणून लकडा लावणाऱ्यांत मीच पुढे असायचे. शनिवारी सात वाजता तुम्ही कॅमेरा बंद करून डबे भरत असता, हे आम्हांला कळत नाही असं वाटतं का? तीच वेळ मुलांना द्या. पंधरा मिनिटं नको, सात पुरेत: एक गीत, चार ओळींचं वाचन, आणि ज्याने त्याने एक वाक्य. मुलगी प्रार्थना इंग्रजीत करेल. करू दे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं गीत मराठीतच आहे.

घरातल्या कामाबद्दल एवढंच: इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करत बसला होता, तेव्हा त्याच्या सासऱ्याने, इथ्रोने, त्याला हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेमायला सांगितलं. सासऱ्याने जावयाला सल्ला दिला आणि जावयाने ऐकला, माझ्या मते निर्गमातला हाही एक चमत्कारच. तुमचा मुलगा सॉकर खेळण्याइतका मोठा आहे, म्हणजे ताटं मांडण्याइतकाही आहे.

राहिल्या आई. माझा मुलगाही बाहेर आहे. गेल्या वर्षी त्याचा फोन आला तेव्हा मी स्पीकर लावून मटार सोलत होते. मध्येच तो म्हणाला, "आई, ऐकतेयस ना?" दाणे ताटात पडण्याचा आवाज त्याला ऐकू जात होता. तेव्हा दोष फक्त तुमच्या गाडीचा नाही. ठरलेली वेळ नसली की दोन्हीकडे फोन हा कामांच्या मधला होतो.

माझी आई सांगायची, तिच्या तरुणपणी कुणी वेळ दिली की विचारून घ्यावं लागे, मुंबई टाइम की स्टँडर्ड? १९०६ साली देशाची प्रमाणवेळ आली तरी या शहराने १९५५ पर्यंत आपलं घड्याळ ३९ मिनिटं मागे ठेवलं होतं. दोन वेळा सांभाळायची सवय आपल्या लोकांना जुनीच आहे म्हणायची. तुम्ही रविवारी उपासनेला निघण्याआधी, सकाळी नऊला फोन लावा. तुमच्याकडे उन्हाळी वेळ चालू असते तोवर भायखळ्यात तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. आईंचा चहा झालेला असतो, टीव्हीवरच्या मालिका सुरू व्हायच्या असतात. गाडीतून नको, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तुमची घड्याळं एक तास मागे जातील, हे त्यांना आदल्या आठवड्यात सांगून ठेवा. नाहीतर त्या साडेसहापासून फोन मांडीवर घेऊन बसतील आणि साडेसातपर्यंत शेजारणीलाही फोनला हात लावू देणार नाहीत.