नव्वदाव्या दिवशीचा फोन

अर्धांगवायूवरच्या औषधचाचण्यांबद्दल मिरजेच्या ओपीडीत आणि पत्रांतून तेच ते प्रश्न येतात. काहींची उत्तरं इथे देतो.

प्रश्न : चाचणीत घेणार म्हणजे आमच्या माणसावर प्रयोगच करणार ना? (जत)

हो, प्रयोगच. पण नेहमीचे उपचार थांबत नाहीत, आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते, सही दिली नाही तरी उपचार मिळतात आणि दिल्यावरही केव्हाही बाहेर पडता येतं.

प्रश्न : नवं औषध कुणाला द्यायचं ते डॉक्टर ठरवतात का? ओळखीनं मिळेल का? (विटा)

नाही. चिठ्ठ्या टाकल्यासारखं संगणक ठरवतो.

प्रश्न : पेशंट मिरजेत, मग संमतीपत्रावर परगावच्या संस्थेचं नाव कशाला? (कवठेमहांकाळ)

कारण एका हॉस्पिटलात येणाऱ्या मोजक्या रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही. अनेक हॉस्पिटलं एकाच पद्धतीनं काम करतात आणि ती पद्धत समन्वय केंद्र सांभाळतं. अमेरिकेत 2013 पासून हे काम सिनसिनाटी विद्यापीठातून चालतं, आपल्याकडच्या अशा हॉस्पिटलांच्या जाळ्याचं लुधियानाच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून. तिथून एक चाचणी 31 केंद्रांत आणि 12 भाषांत झाली. झटका परत येऊ नये म्हणून मेसेज, व्हिडिओ आणि पुस्तिका दिल्या होत्या. फायदा दिसला नाही, आणि तेही जाहीर केलं. शंका असेल तर संमतीपत्राची तुमची प्रत घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : वडील बरे होऊन शेतात जायला लागले. तरी तीन महिने झाले म्हणून केंद्रातून फोन येतात. आम्ही उचलत नाही. फसवणूक तर नाही? (तासगाव)

नंबर संमतीपत्रावरच्या नंबराशी ताडून बघा. ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागितला तर फोन ठेवून द्या. पण केंद्राचाच फोन असेल, तर कृपा करून उचला.

झटक्यावरच्या बहुतेक चाचण्यांचा निकाल नव्वदाव्या दिवशी लागतो. रुग्ण चालतो का, आपली कामं आपण करतो का, हे विचारून शून्य ते सहा असा आकडा देतात. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. विचारणाऱ्या मुलीला कुणाला काय औषध दिलं ते मुद्दाम सांगितलेलं नसतं, म्हणून तुम्हीही सांगू नका. तिला या प्रश्नांचं प्रशिक्षण दिलेलं असतं, कारण 'चालतो' म्हणजे काठीशिवाय की सुनेच्या आधारानं, यावरही आकडा बदलतो.

आता तुमच्यासारखी घरं बघा. वडील बरे, उसाची तोड सुरू, फोन कोण घेणार? दुसऱ्या घरी माणूस गेलेला, त्यांनाही बोलवत नाही. म्हणजे सगळ्यात बरे झालेले आणि सगळ्यात वाईट झालेले, दोघेही हिशोबातून निसटतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन 1995 च्या ज्या चाचणीनं सिद्ध झालं, तिच्यात 624 रुग्ण होते. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण बरे झालेले, इंजेक्शन न मिळालेल्यांपेक्षा शंभरामागे साधारण 13 जास्त. शंभरातल्या पंधरांनी फोनच घेतला नसता, तर हा फरक कशावर उभा राहिला असता? आज झटक्यानंतर साडेचार तासांच्या आत आलेल्यांना आम्ही ते इंजेक्शन देऊ शकतो, ते त्या लोकांनी उत्तरं दिली म्हणून. वडिलांना फोनवर बसवा. आणि ते बरे दिसतात म्हणून गोळ्या बंद केल्या असतील, तर आधी डॉक्टरांना भेटा.

प्रश्न : झटका येऊ नये म्हणून दर हिवाळ्यात सलाईन घेतात. चालू ठेवावं का? (आटपाडी)

बंद करा. ही विक्री आहे. त्यात बऱ्याचदा घालतात ते सिटिकोलीन झटक्यानंतर दिलं, तरीही 2012 साली छापलेल्या 2,298 रुग्णांच्या चाचणीत उपयोगी ठरलं नाही. तेच पैसे रक्तदाब आणि साखर तपासण्यावर घाला. कबुतराचं रक्त चोळण्याबद्दलही पत्रं येतात. त्यात फक्त वेळ जातो.

प्रश्न : मुलगी बी.फार्म. आहे. संशोधन समन्वयकाच्या कोर्सला एक क्लास हमखास नोकरी देतो म्हणतो. (इस्लामपूर)

हमखास म्हणतो तिथे पैसे भरू नका. चांगल्या संशोधनपद्धतीचे प्राथमिक कोर्स ऑनलाइन फुकटही मिळतात. नंतर चाचण्या चालणाऱ्या मेडिकल कॉलेजात जाऊन विभागप्रमुखांना भेटावं.

प्रश्न : परवा रात्री आईचा उजवा हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, अर्ध्या तासात सगळं ठीक झालं. चाचणीत नाव घालावं का? (पलूस)

चाचणीचं नंतर. हा पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो. सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात आजच न्या. परत तसं झालं, तर बरं वाटायची वाट न बघता 108 ला फोन करा.