भाकणूक, भाकीत आणि अंदाज

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील भाकणुकीला, म्हणजे तिथे विधीपूर्वक सांगितल्या जाणाऱ्या भविष्याला, वृत्तपत्रे ‘भाकीत’ म्हणतात आणि पावसाबाबत वेधशाळा जे सांगते त्यालाही ‘भाकीत’च म्हणतात, मग विज्ञानाच्या संदर्भात हा शब्द वापरणे चूक नाही का, असे एका वाचकाने विचारले आहे. चूक नाही, असे माझे मत आहे. मात्र ‘भाकणूक’, ‘भाकीत’ आणि ‘अंदाज’ हे शब्द एकमेकांच्या जागी बसवता येत नाहीत, आणि त्यांतील अंतर पाहिले म्हणजे श्रद्धेचे बोलणे व शास्त्राचे बोलणे कोठे वेगळे होते तेही दिसते.

तिन्हींपैकी पहिले दोन शब्द ‘भाक’च्या कुळातले आहेत. भाक म्हणजे दिलेला शब्द, वचन. ‘आणाभाका’ या जोडशब्दात ती आजही टिकून आहे. ‘भाकणे’ या क्रियापदाला मात्र दोन तोंडे आहेत. भविष्य भाकतात, तशी करुणाही भाकतात. पुढे काय होणार ते सांगणे आणि देवापुढे पदर पसरणे या दोन्हींसाठी मराठीने एकच क्रियापद वापरावे, हे मला फार सूचक वाटते. सिद्धेश्वर यात्रेत संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर होमाचा विधी झाल्यानंतर, दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य, गूळ, फळे असे पदार्थ ठेवतात आणि ते कशाला तोंड लावते, बुजते की शांत राहते यावरून पाऊसमान व बाजारभाव सांगतात. वासरू अर्थातच काही बोलत नाही. भाकणारा माणूसच असतो. पर्जन्यछायेतील आपल्या जिल्ह्यात, जिथे ज्वारीचा पेरा परतीच्या पावसाकडे डोळे लावून होतो, तिथे ही भाकणूक ऐकणारा शेतकरी केवळ माहिती घेत नसतो, काहीतरी मागतही असतो. म्हणून पुढच्या वर्षी पाऊस निराळा पडला तरी भाकणुकीला कोणी जाब विचारत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोलीच्या यात्रेत फरांडेबाबा जे सांगतात त्यालाही ‘भाकणूक’च म्हणतात. अर्थात हा शब्द त्या विधीचे नाव आहे, निव्वळ भविष्यकथनाचे नव्हे.

‘भाकीत’ या शब्दाला विधीचे बंधन उरलेले नाही. म्हणूनच भेंडवळ येथे घट मांडून पीकपाण्याविषयी जे सांगतात त्या घटमांडणीसाठी तो चालतो आणि धूमकेतूसाठीही चालतो. 1682 साली दिसलेला धूमकेतू 1758 च्या सुमारास परत येईल, असे एडमंड हॅली यांनी 1705 मध्ये लिहिले. ते स्वतः 1742 मध्ये वारले आणि धूमकेतू 1758 च्या डिसेंबरात दिसला. याला भाकीत म्हणण्यास कोणाची हरकत असू नये. त्यातला अधिक शिकण्याजोगा भाग मात्र क्लेरो या फ्रेंच गणितज्ञाचा आहे. गुरू आणि शनी यांच्या ओढीमुळे धूमकेतूला उशीर होईल, हे गणित करून त्यांनी तो सूर्याच्या सर्वांत जवळ एप्रिल 1759 च्या मध्याला येईल असे सांगितले, आणि त्यात एक महिना इकडेतिकडे होऊ शकेल हेही तेव्हाच जाहीर केले. प्रत्यक्षात तो 13 मार्चला आला. आपण किती चुकू शकतो हे आधीच सांगून ठेवणे भाकणुकीच्या स्वभावात नाही. शास्त्रीय भाकिताला मात्र त्यावाचून किंमत नाही.

पावसाच्या बाबतीत चुकण्याची हीच मोकळीक ‘अंदाज’ या फारसीतून आलेल्या शब्दात मुळातच आहे. हवामान विभाग एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा अंदाज देतो, तेव्हा 87 सेंटीमीटर या 1971 ते 2020 च्या देशव्यापी सरासरीच्या इतके टक्के, आणि त्यात 5 टक्के कमी-अधिक, अशी त्याची मांडणी असते. ‘वेधशाळेचे भाकीत चुकले’ हा मथळा वाचताना हा 5 टक्क्यांचा हिशेब कोठे गेला, असे मला नेहमी वाटते (मथळ्यात जागा कमी असते, हे मान्य).

ग्रहणाबाबत मात्र यांपैकी कोणताच शब्द आपण सहसा वापरत नाही. दाते पंचांग सोलापुरातूनच निघते. पंचांगात ग्रहणाचे स्पर्श आणि मोक्ष, म्हणजे आरंभ आणि शेवट, मिनिटांसह छापलेले असतात, आणि पाऊस कसा पडेल हे ज्यांवरून सांगतात ती पर्जन्यनक्षत्रांची वाहनेही त्याच पंचांगात असतात. पहिल्याला आपण ‘गणित’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘फल’ किंवा ‘भविष्य’. एकाच पुस्तकातील दोन गोष्टींचे खाते बोलणाऱ्यांनी असे आपोआप वेगळे ठेवले आहे, आणि त्यासाठी कोणाला विज्ञानवादी किंवा भाविक असा शिक्का मारून घ्यावा लागलेला नाही.

तेव्हा ‘यात्रेतील भाकणूक’, ‘हॅली यांचे भाकीत’ आणि ‘हवामान विभागाचा अंदाज’ असे लिहावे. ‘वेधशाळेची भाकणूक’ हा प्रयोग उपहासाखेरीज टाळावा, आणि ‘भाकणुकीचा अंदाज’ हा तर मुळीच करू नये, कारण भाकणारा अंदाज बांधत नसतो.