ताडपत्री रात्री सोडा, सकाळी उचला : थंडीतल्या सशांविषयी वाचकांचे प्रश्न

उत्तरेकडचं वारं सुटलं आणि परभणीचा पारा एक आकडी झाल्याची बातमी आली, की सशांचे प्रश्न येऊ लागतात. या वेळी बहुतेकांना एकच काळजी आहे : किती झाकू?

आमच्या अंगणात जाळीच्या पिंजऱ्यात दोन ससे आहेत. मुलगी रात्री त्यांना उचलून स्वयंपाकघरात चुलीजवळ ठेवते आणि शाळेत जाताना परत बाहेर सोडते. थंडीत असं केलेलं चांगलं ना? – एक वाचक, जिंतूर

मुलीची माया खरी आहे, पण सशांना याचा त्रासच होतो. ससा थंडीचा प्राणी आहे. पंधरा ते वीस अंश तापमान त्याला सगळ्यात मानवतं. धडधाकट, मोठा, कोरडा ससा पाच-सात अंशांची रात्रही काढतो. फक्त त्याला अंग चोरून बसायला आडोसा आणि पोटात चारा हवा. मराठवाड्यात सशाचा खरा वैरी मे महिना आहे, डिसेंबर नव्हे. पारा तिशीच्या वर गेला की त्याला धाप लागते, कारण त्याला आपल्यासारखा घाम येत नाही.

थंडी हळूहळू वाढत गेली तर त्याच्या अंगावर दाट लोकर येते. रोज रात्री चुलीची ऊब मिळाली तर ती नीट येत नाही, आणि पहाटे सात-आठ अंशांत बाहेर काढलं की त्याला झटका बसतो. चुलीचा धूर नाकाला लागतो तो वेगळाच. म्हणून एकच काय ते ठरवा : घरात तर घरात, बाहेर तर बाहेर. बाहेर ठेवणार असाल तर पिंजऱ्याच्या आत एका कोपऱ्यात लाकडी खोकं ठेवा. दोघं चिकटून बसतील एवढंच मोठं. जास्त मोठं असेल तर त्यांच्या अंगाची ऊब त्यात टिकत नाही. खोक्याचं तोंड दक्षिणेला किंवा पूर्वेला करा आणि आत वीतभर गव्हांडा घाला. जाळीच्या तळावर बसायला एक फळी टाका, गार तारेवर पाय दुखावतात. पिंजरा जमिनीपासून दोन-तीन फूट उंच असू द्या, म्हणजे ओल लागणार नाही आणि मांजर, मुंगूस यांनाही सहज पोचता येणार नाही. सशाचे कान गार लागले म्हणून घाबरू नका, थंडीत ते गारच असतात. तो खातो का आणि लेंड्या टाकतो का, ते बघा. सकाळी पिंजऱ्याखाली लेंड्याच नसतील आणि चाराही तसाच पडला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सशाचं पोट एकदा थांबलं की फार वेळ हाती राहत नाही.

पत्र्याच्या शेडमध्ये वीस माद्या आहेत. थंडी सुरू झाल्यावर चारही बाजूंनी ताडपत्री बांधली, आत बल्ब लावले. आता सशांना शिंका येतात, नाकातून पांढरं येतं, पुढचे पाय ओलसर दिसतात. अजून काय झाकावं? – एक शेतकरी, वसमत

झाकू नका, आधी उघडा.

बंद शेडमध्ये मुताचा अमोनिया कोंडतो. पिंजऱ्याच्या उंचीवर नाक नेऊन बघा. तुमच्या डोळ्यांना झोंबत असेल तर तिथे चोवीस तास बसणाऱ्या सशाचं काय होत असेल? अमोनियाने नाकाच्या आतलं अस्तर दुखावतं आणि एरवी गप्प असलेला पाश्चुरेला नावाचा जिवाणू उचल खातो. ससा पुढच्या पायांनी नाक पुसत राहतो, म्हणून तिथली लोकर चिकट होते. शेडमध्ये गेल्यावर मी आधी पायच बघतो, नाक तर कोणी येण्याआधी ससा पुसून ठेवतो.

दुसरं, पत्रा रात्री गार पडतो आणि सशांच्या श्वासातली वाफ आतून त्याला धरते. पहाटे तेच पाणी पाठीवर ठिबकतं. कोरडा ससा थंडी काढतो, ओला ससा काढत नाही.

म्हणून असं करा. पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या किंवा उसाचं पाचट अंथरून दोरीने आवळा. रात्री आत पाणी धरणार नाही आणि दुपारी पत्राही तापणार नाही. उत्तरेची बाजू पक्की बंद ठेवा. बाकी तीन बाजूंना ताडपत्री खालून वर, सशांच्या डोक्यावर जाईल इतपतच, आणि वरचा हात-दीड हात मोकळा. वारा अंगावर येत नाही आणि कोंदट हवा वरून निघून जाते. सगळ्यात महत्त्वाचं, सकाळी ऊन आलं की ताडपत्री उचला. आपल्याकडे रात्री आठ अंश असतं आणि दुपारी अठ्ठावीस. कित्येक जण संध्याकाळी आठवणीने बांधतात आणि सकाळी उचलायचं राहून जातं. मग दुपारी ससे धापा टाकतात. पिंजऱ्यांखालची घाण दिवसाआड काढा, तिथे थोडा चुना टाकून जमीन कोरडी ठेवा.

नाक वाहणारे ससे आजच वेगळे करा. गोळी मात्र आपल्या मनाने देऊ नका. घरात उरलेली अमॉक्सिसिलिन माणसाला चालते. सशाच्या पोटातले चांगले जिवाणू ती मारते आणि ससा जुलाबाने दगावतो. परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ पडेल तिथे दाखवा.

मादी व्याली, सात पिल्लं झाली. नेस्ट बॉक्समध्ये घरचाच कापूस भरपूर घातला होता. तरी चार मेली, एकाच्या पायाला कापसाचा पीळ बसून पाय काळा पडला. बल्ब लावला असता तर वाचली असती का? – एक वाचक, अंबड

थंडीचं सगळं गांभीर्य पिल्लांपाशी आहे. ती उघडी, आंधळी जन्मतात. आठवडाभर अंगावर धड लव नसते. बाहेर सात अंश असलं तरी घरट्यात त्यांना तीसेक अंश लागतात. ही ऊब तिघांकडून येते : पेटी, कोरडं गवत आणि आईने पोटाची उपटलेली लोकर.

कापूस घरात पडलेला असतो, मऊ दिसतो, म्हणून आपल्या भागात सर्रास घालतात. घालू नका. त्याचे तंतू पिल्लाच्या पायात, गळ्यात अडकतात, ओले झाले की आवळतात. आईने खाल्ला तर आतडं तुंबतं. त्याऐवजी मऊ, कोरडं, धूळ झटकलेलं गवत किंवा गव्हांडा घाला. सोयाबीनचं भुसकट टोचतं, तेही नको. न्यूझीलंड व्हाइट जातीच्या मादीला अठरा इंच लांब, बारा इंच रुंद आणि तेवढीच उंच पेटी पुरते. पुढची बाजू सहा इंच ठेवा, म्हणजे पिल्लू बाहेर पडणार नाही. नराला लावल्यापासून मादी साधारण एकतिसाव्या दिवशी विते, तेव्हा पेटी अठ्ठाविसाव्या दिवशी ठेवा. आधी ठेवली तर ती तिथेच लघवी करून ओली करते.

व्याल्यावर सकाळ-संध्याकाळ घरट्यात हात घाला. माणसाचा वास लागला म्हणून आई पिल्लं टाकते, हे खरं नाही. मेलेलं काढा, पोटं बघा. आई दिवसाकाठी एकदा-दोनदाच, चार-पाच मिनिटं पाजते. पोट गोल दिसलं की पाजलंय. जाळीवर पडलेलं गार पिल्लू मेल्यासारखं वाटलं तरी लगेच टाकू नका. हातात धरा, नाहीतर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवा. ते गुलाबी होऊन वळवळायला लागलं की घरट्यात सोडा. गार पिल्लाच्या तोंडात दूध मात्र घालू नका, पचत नाही आणि फुप्फुसात जातं.

बल्बचं म्हणाल तर लावू शकता, दीड-दोन फूट उंचीवर, वायर दाताला लागणार नाही अशी. पण खेड्यात रात्रीच्या विजेचा भरवसा काय? पहाटे तीनला वीज गेली तर बल्बाच्या जिवावर विरळ ठेवलेलं घरटं गारठतं. घरटं असं भरा की बल्ब नसला तरी चालेल. आणि दोन माद्या एकाच दिवशी नराला लावा, म्हणजे एकीची जास्तीची पिल्लं दुसरीखाली घालता येतात. शेडमध्ये कोळशाची शेगडी मात्र कधीच नको, तिच्या वायूने ससे झोपेतच जातात.

थंडीत आम्ही बाजरीची भाकरी, तीळ, गूळ खातो. सशालाही द्यावं का? सध्या ज्वारी आणि हरभरा रानात आहे. – एक वाचक, औसा

गूळ-तीळ तुम्हीच खा. सशाला ऊब मिळते ती काड्या-पाल्यातून. पोटात चारा आंबत असतो, त्यातूनच अंग तापतं. धान्य जास्त झालं की पोट फुगतं. बाजरी चिमूटभर, तीही रोज नको. त्याच्या नेहमीच्या खुराकात एखाद मूठ वाढवा आणि वाळला चारा रात्रभर समोर राहू द्या, कारण ससा खातो रात्रीच. लसूणघास, दशरथ घास, शेवग्याचा पाला उत्तम. पहाटेचा दवाने भिजलेला पाला मात्र तसाच टाकू नका, उन्हात सुकवून संध्याकाळी द्या. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब जास्त झाली की जुलाब होतात, म्हणून तो थोडाच. गुडघ्याखालची कोवळी हिरवी ज्वारी नकोच, किराळ लागते, म्हणजे तिच्यातलं विष बाधतं. कपाशीजवळचं गवत कापताना फवारणी कधी झाली ते आधी विचारा.

पाण्याकडे कोणी बघत नाही. मडक्यातलं गारेगार पाणी ससा कमी पितो, पाणी कमी झालं की खाणं कमी होतं. सकाळी कोमट पाणी ठेवा.

सशाला थंडीत गरम पाण्याने अंघोळ घातली तर चालेल का? – इयत्ता सहावी, धाराशिव

नाही, बाळा. उन्हाळ्यातही नाही. तो स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो. स्वेटरही नको, तो कुरतडून खाईल.

कानाच्या कडेला आणि नाकावर राखाडी खपल्या आल्यात, ससा सारखा खाजवतो. कोणी जळालेलं ऑइल लावायला सांगतं. – एक वाचक, गंगाखेड

ही खरूज आहे, थंडीत ससे चिकटून बसतात म्हणून झपाट्याने पसरते. ऑइल लावू नका, तो ते चाटतो. कुत्र्याच्या गोचिडांचा फिप्रोनिलचा फवारा तर सशाला विषच. डॉक्टर वजन करून आयव्हरमेक्टिन देतील आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा बोलावतील. पहिल्या मात्रेत किड्यांची अंडी मरत नाहीत, तेव्हा दुसरी चुकवू नका. खोकं जाळा, पिंजऱ्याच्या जाळीवरून आगीची ज्योत फिरवा आणि तुमच्या हातांना खाज सुटली तर स्वतःचं औषधही घ्या.

ऊसतोडीत फडात सशाची दोन पिल्लं सापडली. थंडीने मरतील म्हणून घरी आणली, दूध पाजतोय. – एक वाचक, माजलगाव

ती रानसशाची आहेत, त्यांचं सगळं वेगळं. ही जन्मतःच लोकरीसह, डोळे उघडे घेऊन येतात आणि थंडीत उघड्यावर राहतात. आई दिवसभर मुद्दाम दूर असते, अंधार पडल्यावर येऊन पाजते. आज संध्याकाळच्या आत, सापडली त्या जागेजवळच्या बांधावर गवतात ठेवा आणि कुत्री लांब ठेवा. फड पूर्ण तुटला असेल किंवा पिल्लू जखमी असेल, तर वनविभागाला कळवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा पाळता येत नाही.

हा सगळा बंदोबस्त कधी काढायचा? – एक वाचक, नायगाव

फेब्रुवारीच्या मध्यावर रात्रीची झाकापाक कमी करत जा, पण ताडपत्री घडी घालून माळ्यावर टाकू नका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. पत्र्यावरचा कडबाही राहू द्या, तोच पुढे उन्हापासून वाचवतो. शेवटचं लावणं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात उरका : मार्चमध्ये पिल्लं होतील आणि एप्रिलच्या मध्याला आईपासून तुटतील. नंतर उन्हाने नरही थंड पडतात.