दुपारी माना टाकलेली झाडं: पाणी द्यायची घाई नको

परभणीच्या मे महिन्यात गच्चीवरची झाडं दुपारी माना टाकणारच, घाबरू नका. पानं जेवढं पाणी बाहेर सोडतात तेवढं मुळांना त्या वेळी ओढता येत नाही, म्हणून ती लोंबतात. ऊन उतरलं की बहुतेक पुन्हा ताठ होतात. खरी तहान पहाटे कळते. सकाळी सहालाही पान लोंबलेलंच असेल तर बोट दोन इंच मातीत घाला. कोरडं लागलं तर कुंडीच्या तळातून पाणी येईपर्यंत द्या. ओलं लागलं तर थांबा, मुळं गुदमरताहेत.

नवशिक्यांची झाडं उन्हापेक्षा पाण्यानंच जास्त मरतात. त्यात आपली नुसती काळी माती कुंडीत भरली की ओली असताना चिकट गोळा, वाळली की भेगा. मुळांना हवाच मिळत नाही. म्हणून:

- काळी माती, जाड वाळू, कुजलेलं शेणखत समप्रमाणात.
- वर दोन इंच उसाचं पाचट, खोडापासून थोडं लांब.
- कोरफडीला रोज पाणी नको. ती पानांची छिद्रं रात्री उघडते, पाणी साठवून ठेवते.

खतं आणि छाटणीचं पावसाळ्यात बघू. सध्या एवढं जमवा, तुळस-मोगरा नक्की तगतील.