“मॅडम, शीर सापडतच नाही”

“लॅबचा डीएमएलटी डिप्लोमा झाला, हॉस्पिटलात लागले, पण सुई हातात घेतली की हात कापतात. मी चुकीच्या लाइनला आले का?” मी समुपदेशक; समोरची पोरं बदलतात, प्रश्न हाच. म्हणून त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

वय २२, कलेक्शनला, म्हणजे रक्ताचे नमुने घ्यायच्या कामाला, लागून दोनच महिने झालेले. सकाळी ६ वाजता जांभळ्या, लाल, करड्या झाकणांचे बल्ब, म्हणजे रक्त भरायच्या नळ्या, ट्रेमध्ये घेऊन वॉर्डभर फिरायचं. एका आजींना तिने दोनदा टोचलं, शीर मिळाली नाही, हात काळानिळा झाला. आजींचा मुलगा सगळ्या वॉर्डासमोर ओरडला, “शिकायला आमचीच आई सापडली का?” तेव्हापासून तिची झोप उडाली. घरीही आई शेजारणींना “लॅबमध्ये आहे” एवढंच सांगे. “रक्त काढते” हे सांगणं तिला कमीपणाचं वाटे.

“एका टोचण्यात रक्त यायलाच पाहिजे, मॅडम.”

“असं कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. पण यायलाच पाहिजे ना?”

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर वाढलेली. माणसाला त्रास देतो तो त्याचा हट्टी आग्रह, हे मला रोज दिसतं. आणि मराठीत तो आग्रह एका अक्षरात मावतो: ‘च’. यावं, इथपर्यंत ठीक; यायलाच पाहिजे म्हटलं की घाम फुटतो.

“तुमच्या सीनियरना कधी शीर मिळत नाही, असं होतं?”

“होतं की. दोनदा नाही मिळाली तर दुसऱ्याला बोलवायचं, असा नियमच आहे आमच्याकडे.”

“तो नियम का केला असेल?”

ती गप्प बसली. सगळ्यांनाच पहिल्या टोचण्यात मिळत असती, तर तो नियम लागला नसता. हे तिला कळलं, पण अजून पटलं नव्हतं.

तिसऱ्या भेटीत मी बाही सारून हात पुढे केला. “सुई नको. नुसती शीर शोध.”

ती वाकून बघत राहिली. “दिसत नाहीये, मॅडम.”

“कशी शोधायची असते?”

“बोटाने. दाबली की स्पंजसारखी लागते, सोडली की वर येते.”

“मग डोळे मीट.”

तिने डोळे मिटले. तर्जनी माझ्या कोपराच्या खळगीत सरकत गेली, थांबली, दाबली, सुटली, पुन्हा दाबली. “मिळाली.” बोट अजिबात थरथरत नव्हतं. मी विचारलं, “वॉर्डात नजर कुठे असते तुझी?” बराच वेळ गेला. मग म्हणाली, “त्यांच्या तोंडाकडे. आता ओरडतील का, ते बघत असते.”

हे वाक्य तिचं, मी पुरवलेलं नाही. पण ते येईपर्यंत गप्प बसणं माझं होतं, आणि त्या संध्याकाळचा चहा मला फार गोड लागला, हे कबूल करते.

पुढचा भाग नुसत्या सरावाचा. नाव पेशंटच्याच तोंडून वदवून घ्यायचं, मग नजर हातावर आणायची. टूर्निके, म्हणजे दंडाला आवळायचा पट्टा, मिनिटाच्या वर ठेवायचं नाही. शीर लागली नाही तर सोडून दुसरा हात बघायचा. आणि एक वाक्य: “काका, मला मिळत नाहीये, मी सीनियरना बोलावते.” हे तिने माझ्यासमोर दहा-बारा वेळा म्हटलं. दर वेळी शेवटी “सॉरी” चिकटायचं, ते काढायलाच दोन भेटी गेल्या. दुखलं तर एकदा सॉरी म्हणावं. शीर खोल आहे याबद्दल कशाला?

ज्यांना रक्त दिसताच खरोखर भोवळ येते, त्यांचं वेगळं. त्यांचा रक्तदाब खाली जातो. तिथे सैल पडून उपयोग नाही, उलट हातापायाचे स्नायू आवळून धरायचे असतात. हे जाणकाराकडून शिकून घ्यावं. हात कापणारी बहुतेक मुलं मात्र यातली नसतात. दुसऱ्याला दुखेल म्हणून बिचकणारा माणूस या कामाला मला तरी नालायक वाटत नाही.

चार महिन्यांनी ती सहज भेटायला आली. “काल तिघांची शीर मिळाली नाही,” वडापाव खाता खाता म्हणाली.

“मग?”

“मग काय, सरांना बोलावलं. एक त्यांनाही नाही मिळाली.”