वाचकांचे प्रश्न : वापरलेला तरणतलाव घरी आणताना

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे परसात, जमिनीवरच उभारायच्या तरणतलावांविषयी आहेत आणि त्यांतली बहुतेक अमेरिकेतील वाचकांची आहेत. उन्हाळा जवळ आला की तेथे असे जुने तलाव स्वस्तात, क्वचित फुकटही मिळतात. खर्च आणि कष्ट पुढे सुरू होतात. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. जवळच्या गावातील एका कुटुंबाकडून २४ फूट व्यासाचा आणि ५२ इंच उंच पोलादी भिंतीचा गोल तलाव आम्ही घेत आहोत. तो आम्हीच सोडवून न्यायचा आहे. आतले लायनर, म्हणजे पाणी धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे अस्तर, दोनच उन्हाळे वापरलेले असल्याने पुन्हा चालेल, असे विकणारे सांगतात. आमच्या परसातील जमीन एका बाजूला सुमारे ९ इंच उतरती आहे. त्या बाजूला मातीचा भराव घालून ती सपाट करावी, असा विचार आहे. आपला सल्ला काय?

उत्तर : ते लायनर वापरू नका आणि भरावही घालू नका. या दोन गोष्टी पाळल्यात, तर सौदा फायद्याचा ठरू शकतो. मात्र तो भिंत पाहूनच पक्का करावा, कारण जुन्या तलावात विकत घेण्याजोगी वस्तू मुख्यतः तेवढीच असते.

ही भिंत म्हणजे एक मिलिमीटरहून पातळ असा पन्हळी पत्रा असतो. तलावात चार फूट पाणी भरले की तळाशी दर चौरस फुटावर सुमारे २५० पौंड दाब येतो आणि पिंपाभोवतीच्या लोखंडी पट्टीप्रमाणे हा गोल पत्रा तो दाब स्वतःच्या ताणावर पेलतो. बाहेरचे खांब पाणी अडवत नाहीत. ते भिंतीला उभी आणि गोल राहण्यास मदत करतात आणि वरच्या काठाचा भार घेतात. त्यामुळे खांबावर थोडा गंज असेल तर खरवडून रंग देता येतो, पण भिंतीच्या जोडाशी, स्किमरच्या (पाण्यावर तरंगणारी पाने-कचरा ओढून घेणाऱ्या भागाच्या) चौकोनी खाचेभोवती, पाणी परत येण्याच्या छिद्रापाशी किंवा तळाच्या कडेला पत्रा कुजलेला असेल, तर तो ताणाखाली तेथूनच फाटण्याचा धोका असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने या जागा हलकेच दाबून पाहाव्यात. टोक पत्र्यातून आत गेले, तर फुकट मिळत असला तरी तो तलाव घेऊ नये. भिंतीची आतली बाजू लायनर काढल्याशिवाय दिसत नाही. म्हणून थोडी रक्कम आधी देऊन उरलेली लायनर निघाल्यावर द्यायची, असे आधीच ठरवून घ्यावे. विकणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी त्यालाही ती बाजू दिसलेली नसते.

लायनर विनाइलचे असते. पाणी असेपर्यंत ते दाबाखाली ताणलेले राहते आणि पाणी काढल्यावर आक्रसून कडक होते. घडी घालून नेलेले लायनर दुसऱ्या जागी ताणून बसवताना कोपऱ्यांत आणि जुन्या छिद्रांपाशी फाटते. नवीन लायनरला काही शे डॉलर पडतील, ते मूळ किमतीतच धरावेत. ते मागवण्यापूर्वी जुने लायनर भिंतीच्या माथ्यावरून दुमडून पट्टीने दाबलेले आहे की खाचेत अडकवलेले आहे, हे पाहून ठेवावे, कारण हे दोन प्रकार एकमेकांच्या जागी तसेच बसत नाहीत.

सोडवण्याच्या आदल्या दिवशी सर्व स्क्रूंवर गंज सोडवणारे तेल मारावे. तरीही काही स्क्रू तुटतीलच. नवे स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. प्रत्येक सांध्याचे छायाचित्र घ्यावे आणि सुट्या भागांवर खुणा कराव्यात. पाणी काढताना ते पावसाच्या पाण्याच्या गटारात किंवा ओढ्यात सोडू नये; क्लोरीन उतरल्यावर हिरवळीवर सावकाश सोडावे. वरचा काठ निघाला की भिंतीला आधार उरत नाही, त्यामुळे त्या वेळी चार-पाच माणसे भिंत धरून उभी असावीत आणि वारा असेल त्या दिवशी हे काम काढूच नये. जोडाचे बोल्ट काढून भिंत एका टोकापासून सैलसर गुंडाळावी, दोन-तीन ठिकाणी पट्ट्यांनी बांधावी आणि ट्रकमध्ये उभीच ठेवावी. पत्र्याला एकदा पक्की चुणी पडली, की ती जागा कायमची कमकुवत होते.

आता जमीन. तुमच्या तलावात सुमारे ५१ हजार लिटर, म्हणजे जवळजवळ साडेतेरा हजार गॅलन पाणी मावेल आणि त्याचे वजन ५१ टन होईल. नवा भराव कितीही चोपला तरी एवढ्या वजनाखाली तो बसतोच, आणि सगळीकडे सारखा बसत नाही. भरावाची बाजू दोन-तीन इंच खचली, तर पाणी आपली पातळी सोडत नाही, भिंतच तिरकी होते आणि खालच्या बाजूवर जास्त दाब येतो. म्हणून नियम एकच आहे : उंच बाजू खोदून सखल बाजूच्या पातळीला आणायची. तुमच्या बाबतीत वरच्या बाजूला ९ इंच खोदाई येईल. हाताने केल्यास ते मोठे काम आहे; भाड्याने लहान यंत्र घेतलेत, तर पाठीचे दुखणे तरी वाचेल. अमेरिकेत खोदाईपूर्वी ८११ या क्रमांकावर कळवून जमिनीखालच्या तारा आणि नळांच्या खुणा करून घ्याव्या लागतात. न्यू जर्सीत ही सूचना किमान तीन कामकाजी दिवस आधी द्यावी लागते. घराला सेप्टिक टाकी असेल, तर ती टाकी आणि तिचे पाणी मुरण्याची जागा पूर्णपणे टाळावी.

मध्यभागी खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ आखावे आणि ते तलावापेक्षा सर्व बाजूंनी किमान फूटभर मोठे ठेवावे. गवत मुळांसकट काढावे, कारण लायनरखाली राहिलेले गवत कुजून खड्डे पडतात. पातळी तपासण्यासाठी लेझर लेव्हल भाड्याने मिळते. आपल्याकडे गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळीही या कामाला पुरते, मात्र तिच्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. संपूर्ण वर्तुळात अर्ध्या इंचापलीकडे फरक ठेवू नये, असे मी सुचवेन. प्रत्येक खांबाखाली काँक्रीटची सपाट फरशी जमिनीत बसवावी आणि सर्व फरश्यांचे माथे एका पातळीत आणावेत. फरश्या कुरकुर न करता पुनःपुन्हा काढून बसवायची तयारी येथे लागते. हे काम घाईने उरकले, तर पुढचे सगळे वाकडे होते आणि पाणी भरल्यावर दुरुस्तीचा मार्ग राहत नाही.

भिंतीची खालची कड धरणाऱ्या तळपट्ट्यांचे वर्तुळ जुळवले की भिंत उलगडत त्यांच्या खाचेत बसवायची. सुरुवात अशी करावी, की जोड एखाद्या खांबामागे झाकला जाईल आणि स्किमर वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे वारा पाने ढकलत नेतो त्या काठाला येईल. दोन टोके जुळली नाहीत तर पत्रा ओढू नये. सर्व तळपट्ट्या सारख्या प्रमाणात आत किंवा बाहेर सरकवाव्यात. परिघात एक इंचाचा फरक पडत असेल, तर त्रिज्येत इंचाचा सहावा भागच बदलावा लागतो. जोडाचे सगळे बोल्ट घालावेत, एकही वगळू नये, आणि आतून त्यांच्यावर जाड चिकटपट्टी लावावी.

तळाला दोन इंच जाडीची बारीक चाळलेली वाळू लागेल. २४ फुटांच्या वर्तुळासाठी सुमारे पावणेतीन घनयार्ड, शिवाय भिंतीच्या पायथ्याशी आतून सभोवार सहा ते आठ इंच उंचीचा उतरता बांध घालण्यासाठी आणखी. हा बांध नसेल, तर लायनर भिंतीखालच्या फटीतून बाहेर ढकलले जाऊन फुटते. लायनर उन्हाच्या, पण वारा नसलेल्या दिवशी घालावे, म्हणजे ते मऊ राहते. इंच-दोन इंच पाणी चढल्यावर अनवाणी पायांनी चुण्या मध्यापासून काठाकडे सारता येतात. त्यानंतर त्या हलत नाहीत. पाणी परतीच्या छिद्राच्या काही इंच खाली येईपर्यंत लायनर कापू नये. अंगणातल्या नळाला मिनिटाला नऊ गॅलन पाणी असेल, तर तलाव भरायला एक दिवस आणि एक रात्र लागेल. त्या काळात कोणी तरी अधूनमधून भिंतीभोवती फेरी मारून पातळी पाहत राहावे.

विकणारे सोबत क्लोरीनचे अर्धवट डबे देऊ करतील, तर ते घेऊ नका. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट ही क्लोरीन देणारी दोन रसायने एकमेकांत मिसळली तर आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो आणि खुणा पुसलेल्या जुन्या डब्यात कोणते रसायन आहे, हे सांगता येत नाही.

प्रश्न : एका शेजाऱ्यांनी १५ बाय ३० फुटांचा लंबगोल तलाव फुकट नेण्यास सांगितले आहे. गोल तलावासारखाच तो बसवता येईल ना? (डॅलस)

उत्तर : नाही. वर सांगितलेला ताणाचा हिशोब वर्तुळालाच लागू होतो. लंबगोल तलावाच्या दोन सरळ बाजू पाण्याने बाहेर ढकलल्या जातात. त्यांना बाहेरून तिरके आधार किंवा तळाखालून जाणाऱ्या पोलादी पट्ट्या लागतात. या भागांच्या जागा कंपनीनुसार बदलतात, आणि मूळ पुस्तिका नसेल तर त्या अंदाजाने ठरवाव्या लागतील. पहिलाच तलाव बसवत असाल, तर शेजाऱ्यांचे आभार मानून नकार द्यावा.

प्रश्न : भिंत ५२ इंच उंच असताना वेगळे कुंपण घालावे लागते का? आणि पंपासाठी नेहमीची एक्स्टेन्शन वायर चालेल का? (न्यू यॉर्क राज्य)

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो : मुळीच चालणार नाही. पाणी, ओले पाय आणि वीज यांचा येथे संबंध येतो. पंपाला जीएफसीआय, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारे, संरक्षण असलेली स्वतंत्र जोडणी हवी. शिवाय भिंत, खांब, धातूची शिडी आणि पंपाची मोटार हे सर्व भाग आठ गेजच्या भरीव तांब्याच्या तारेने एकमेकांशी जोडावे लागतात, म्हणजे एका भागाला हात आणि दुसऱ्याला पाय लागला तरी त्यांच्यात विद्युतदाबाचा फरक राहत नाही. अमेरिकेच्या विद्युत संहितेचे ६८० वे कलम याच विषयाचे आहे. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. जुन्या तलावाबरोबर मिळालेला पंप चालू असला, तरी ही जोडणी जुन्या घरीच राहिलेली असते.

कुंपणाबाबत साधारण नियम असा, की तलावाभोवतीचा अडथळा बाहेरच्या जमिनीपासून किमान ४८ इंच उंच असावा. भिंत तेवढी उंच असेल तर बहुतेक ठिकाणी तीच अडथळा म्हणून धरता येते. मात्र मग शिडी काढून ठेवता येणारी किंवा कुलूप लावता येणारी असावी लागते. येथेच पहिल्या प्रश्नातील वाचकांनी सावध व्हावे : उंच बाजूला ९ इंच खोदून तलाव बसवला आणि खड्ड्याबाहेरची जमीन तशीच ठेवली, तर त्या बाजूची उंची ४३ इंचच उरते. त्यासाठी भिंतीबाहेरही तीन-चार फुटांपर्यंत माती काढावी लागते. असे केल्याने ओली माती पत्र्याला टेकत नाही, हाही लाभ होतो. पंप किंवा मोठी कुंडी भिंतीला खेटून ठेवली, तर ती लहान मुलांची पायरी होते. तुमच्या राज्यात १४ डिसेंबर २००६ नंतर बसवलेल्या तलावांना पाण्यात कोणी पडल्यास वाजणारा अलार्म बंधनकारक आहे आणि जुना तलाव नव्या जागी उभारला, तर तो नव्याने बसवलेलाच समजून चालावे. खोदाई करण्यापूर्वी नगर कार्यालयाकडून परवाना घ्यावा.

प्रश्न : भिंतीचा नव्हे, तर नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेला चार फूट उंचीचा तलाव आम्ही वापरलेला घेतला आहे. त्यात काही वेगळे पाहावे का? (शिकागो)

उत्तर : उभ्या पायांच्या बाहेरून तलावाभोवती एक रुंद पट्टा जातो का, ते आधी पाहा. जुलै २०२५ मध्ये बेस्टवे, इंटेक्स आणि पॉलिग्रुप या कंपन्यांचे ४८ इंच किंवा त्याहून उंच असे सुमारे ५० लाख तलाव अमेरिकेत दुरुस्तीसाठी परत बोलावल्याचे तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने जाहीर केले. त्या पट्ट्यावर पाय ठेवून लहान मुले आत चढू शकतात. २००७ ते २०२२ या काळात अशा तलावांत नऊ बालकांचा बुडून मृत्यू झाला. हे तलाव २००२ पासून विकले जात होते, त्यामुळे वापरलेल्या मालात ते हमखास सापडतात. कंपनीला कळवल्यास पट्ट्याऐवजी बसवायचा दोर विनामूल्य मिळतो. तो बसवून होईपर्यंत तलाव रिकामा ठेवावा आणि दोर लावण्यापूर्वी पट्टा कापू नये, कारण सांगाडा त्याच्यावरच तोलून धरलेला असतो.

प्रश्न : अमेरिकेतील भावाकडे पाहून आम्हीही तसाच एक वापरलेला तलाव घेतला आहे. नाशिकमधील आमच्या बंगल्याच्या गच्चीवर तो मावतो. गच्ची आरसीसीची आहे, चालेल ना? (नाशिक)

उत्तर : जागेत मावणे आणि गच्चीने पेलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार वावर असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो एवढा भार धरला जातो. एक मीटर खोल पाणी दर चौरस मीटरला १००० किलो भरते, आणि त्यात पोहणारी माणसे धरलेली नाहीत. मुलांसाठी चार बोटे पाण्याचा हवेचा टब ठेवायला हरकत नाही. पूर्ण तलाव ठेवायचा असल्यास स्ट्रक्चरल इंजिनीअरला मूळ नकाशे दाखवून लेखी मत घ्यावे. ते मिळेपर्यंत तो खाली अंगणात, वर सांगितल्याप्रमाणे सपाट केलेल्या जमिनीवरच उभारावा.